ओटीतला गहू

जगदाळे काका,

तुम्ही गेलात त्याला आज बावीस दिवस झाले आणि गिरणीत लोक अजून तुमची चौकशी करतायत. परवा हंसाबेन दळणाचा डबा घेऊन आल्या, तुमच्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वो गेहूँवाले अंकल किधर गये? दिखते नहीं." मी सांगितलं. डोळे भरून आले त्यांचे. आणि मग एकदम हसायलाच लागल्या. "मेरे गेहूँ को क्या बोले थे मालूम? बोले, बेन, ये राजा है, लेकिन ज़रा नाज़ुक तबियतवाला राजा." त्या हसल्या म्हणून मीही हसले, आणि गिरणी चालू होती म्हणून दोघींना मोठ्याने हसावं लागलं. आता तुम्हीच सांगा, तुमचं दुःख करायचं तरी कसं? जरा डोळ्यांना पदर लावावा तर कोणीतरी येतं आणि तुमचा एखादा किस्सा सांगून जातं.

तुमच्या वर्षाने पेपरात द्यायला निधनाचा मजकूर लिहिला होता. जन्म, गाव, नोकरी, मागे मुलगी-जावई. सगळं बरोबर होतं, एक अक्षर चुकीचं नव्हतं. पण वाचून मला वाटलं, ह्यात काका कुठायत?

पाच वर्षांपूर्वी तिने तुम्हाला साताऱ्याहून इथे भाईंदरला, जेसल पार्कात आणलं, तेव्हाचा पहिला दिवस आठवतोय? तुम्ही लोकवनचा डबा घेऊन आलात, माझ्यासमोर ठेवलात, आणि सरळ शेजारच्या डब्यात हात घातलात.

"काका, तो डबा दुसऱ्यांचा आहे."

"असू दे. मी घेत नाही काही. ओळख करून घेतोय."

मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक रिकामटेकडा म्हातारा. तुम्ही मूठभर गहू दारात उन्हात नेलात, तळहातावर पसरलात आणि म्हणालात, "हा माळव्याचा. कुणाचा?" तो डबा खरंच इंदूरकडच्या एका कुटुंबाचा होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही दळण नसताना आलात. तिसऱ्या दिवशी मी स्टूल ठेवलं.

तुमची नोकरी काय होती, हे विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पानं बघायचो."

"कसली पानं?"

"गव्हाची."

"आणि?"

"आणि आकडा सांगायचो."

मला वाटलं चेष्टा करताय. मग हळूहळू कळलं की घाटमाथ्यावरच्या गव्हाच्या संशोधन केंद्रात तुम्ही शेतातले मदतनीस होतात. गावोगावहून गोळा केलेले जुने वाण तिथे ओळीओळीने पेरायचे, त्यांच्यावर तांबेरा पडू द्यायचा, आणि कुठल्या वाणाला किती लागला हे एकेक पान उलटून बघायचं. शास्त्रज्ञ बदलत राहिले, पानं उलटणारा हात तुमचाच राहिला. मी लांज्याकडची. आमच्याकडे भात. तांबेरा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. तुम्ही गिरणीच्या गंजलेल्या पत्र्यावर बोट फिरवलंत आणि तांबूस झालेलं बोट मला दाखवलंत. "गव्हाच्या खोडावर, पानावर अस्सा गंज चढतो. ही बुरशी. ही भुकटी म्हणजे तिचं बी. वारा सुटला की चालली पुढच्या गावाला."

त्यानंतर माझ्या भिंतीवर नकाशा आला. रस्त्यांचा जुना नकाशा, त्यावर तुम्ही खळीने गव्हाचे दाणे चिकटवत सुटलात. कोण गिऱ्हाईक आलं की, "आपका गेहूँ किधर का? गाँव कौन सा? उधर सुबह ओस पड़ती है क्या?" लोक आधी बिचकायचे, मग त्यांनाच चटक लागली. फोन करून गावाला विचारून यायचे. सांगलीकडच्या मावशी खपली गहू घेऊन यायच्या तर तुम्ही उठून उभे राहायचात, "खपली! ह्याला मान द्या, हा सहसा आजारी पडत नाही." आणि एका सकाळी मी शटर उघडलं तर उंदरांनी अख्खा सोलापूर जिल्हा खाऊन टाकला होता. तुम्ही तोंडात घास अडकल्यासारखे बघत राहिलात आणि मग म्हणालात, "चांगलाय. उंदरांना बन्सी गहूच आवडतो." पुन्हा सगळं चिकटवलंत.

मला तुम्ही जे शिकवलंत ते त्या नकाशापुढे उभं राहून. ही बुरशी मैदानातल्या उन्हाळ्यात तगत नाही. दक्षिणेच्या उंच, गार डोंगरांत ती कशीबशी जिवंत राहते आणि हिवाळ्याच्या तोंडावर वाऱ्यापावसाबरोबर वर सरकते. तिच्या वाटेवरची जी गावं, जिथे सकाळचं दव पानांवरून लवकर हटत नाही, तिथे ती वर्षानुवर्षं येत राहिली. शेतातली जी रोपं त्यातून वाचली त्यांचंच बी पुढे पेरलं गेलं. म्हणून अशा गावांच्या जुन्या गव्हात रोगाला तोंड द्यायची ताकद सापडते. जिथे हवा कोरडी, दव नाही, तिथल्या गव्हावर ती वेळच आली नाही.

"म्हणजे ज्या गल्लीत जास्त मारामाऱ्या, तिथली पोरं तगडी," मी म्हटलं.

"बरोब्बर. गिरणीवाली असून डोकं आहे तुला."

पण माझं डोकं तिथे थांबलं नाही, आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, "काका, हे सगळं गहू जागच्या जागी बसून राहिला तर. माझ्याकडे बघा. हंसाबेन राहतात भाईंदरला, गहू येतो गुजरातेतल्या भालमधून. त्रिपाठी राहतात मीरा रोडला, गहू येतो जौनपूरहून. गहू बसतोय कुठे? माणसं त्याला घेऊन फिरतायत."

"तुला सगळं पिशवीत दिसतं."

"आणि तुम्हाला सगळं आभाळातून पडतंय असं दिसतं."

तुम्ही चिडून घरी गेलात. संध्याकाळी पुन्हा आलात, हातात तुमची एक जुनी वही. एका पानावर बोट ठेवलंत. "हे बघ. माझं सगळं आभाळातून पडतं असं समजू नकोस. हा एक माझं ऐकत नाही." मंगळवेढ्याच्या बाजूचं एक गाव होतं ते. कोरडं, ज्वारीचं रान. तिथून आलेल्या एका वाणाला केंद्रात तुम्ही जेवढ्या वर्षी बघितलं तेवढ्या वर्षी तांबेरा अगदी थोडा आणि उशिरा. जिथे रोग फारसा जातच नाही, तिथल्या गव्हाला ही ताकद आली कुठून? पाकिटावर कुणीतरी इंग्रजीत नाव लिहिलेलं, ते तुम्ही सगळे 'मयारी' असं वाचायचात. मयारी म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आता तो आहे कुठे?" मी विचारलं.

"नाही आता," एवढंच बोललात आणि वही मिटलीत. मीही पुढे विचारलं नाही.

मग सुनंदा आली. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. सुनंदाच्या नवऱ्याचं काशीमीऱ्याला गॅरेज आहे, माहेर-सासर दोन्ही मंगळवेढ्याकडचं. सासूने गावाहून शेवयांसाठी दोन-तीन किलो गहू पाठवला होता. मला म्हणाली, "ताई, रवाळ काढा." मी गिरणी चालू केली, पिशवी ओतायला उचलली आणि तुम्ही स्टुलावरून असे उठलात की स्टूल उलटं पडलं.

"बंद कर! बंद कर गं आधी!"

मला वाटलं तुमचा हातबीत अडकला. मी खटका ओढला. तुम्ही पिशवीतले आठ-दहा दाणे घेऊन दारात गेलात. लांबट, मधाच्या रंगाचे, पाठीत जरासे वाकलेले. बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "हा गहू मेलेला आहे."

सुनंदाचा चेहरा उतरला. "आवो काका, असं काय बोलताय? यंदाचाच हाय की!"

किती वेळ लागला तिला समजावायला! शेवटी तिने दोन मुठी तुमच्या रुमालात बांधून दिल्या, बाकीच्याच्या शेवया झाल्या. हा तुमचा मयारीच, अशी तुम्हाला खात्री नव्हती. दाण्यावरून फसायला होतं, म्हणालात, ओंबी बघायला हवी. आणि ओंबी बघायची तर पेरायला हवा.

भाईंदरात गहू! हिराबाई आपल्या दारात भाजी विकायला बसायची, चेणे गावात तिची जमीन. तुम्ही विचारलंत तर ती पदराने घाम पुसत म्हणाली, "काका, आमचे हितं भात हाय, वांगी हाय, मुला हाय. गहू न्हाय व्हायचा."

"नको होऊ दे. मला फक्त तोंड बघायचंय त्याचं."

"तोंड बघाया इतका खटाटोप? लग्नाची पोर हाय का ती?" असं म्हणत हसत हसत तिने मुळ्याशेजारचा वाफा दिला. नोव्हेंबरात आपण तीन ओळी पेरल्या. एक लोकवन, एक खपली, एक सुनंदाने दिलेल्या गव्हाची. दर रविवारी रिक्षाने काशीमीऱ्याच्या ट्रकांमधून वाट काढत चेण्याला. आमचे हे माझ्यावर हसायचे. टेम्पो धुताना म्हणायचे, "बायको गहू बघायला चाललीय, आणि घरात आहे गव्हाचीच गिरणी." पण एका रविवारी तेच तुम्हाला टेम्पोत घालून घेऊन गेले. घरी आल्यावर म्हणाले, "पान कसं धरतात गं ते. बाळाचा कान धरावा तसं."

पाखरं यायला लागली तेव्हा हिराबाईने आपल्या जुन्या साड्या फाडून वाफ्यावर बांधल्या. जानेवारी संपता संपता ओंब्या बाहेर पडल्या. सुनंदाच्या ओळीला काळी कुसळं, ओंबीच्या टरफलावर मखमलीसारखी बारीक लव. तुम्ही खाली वाकलात, ओंबी गालाला लावलीत आणि बांधावर जाऊन बसलात. मी आपली तिन्ही ओळींची पानं उलटून बघत होते. एकावरही डाग नाही. मला इतका आनंद झाला!

"काका, सगळेच पहिलवान निघाले! लोकवनसुद्धा!"

तुम्ही हसलात. "अगं, इथे तांबेरा आलाच नाही. आसपास गहूच नाही तर तो कुठून येणार? ज्या गावात चोर नाही तिथे कुलूप पक्कं आहे की नाही कसं कळायचं?"

माझा चेहरा पडला असणार, कारण तुम्ही मला जवळ बसवलंत. आणि मग ते सांगितलंत. बी पाकिटात कायम जिवंत राहत नाही, दर काही वर्षांनी पेरून ताजं करावं लागतं. ते काम तुमच्याकडे होतं. एका वर्षी वर्षाची आई आजारी होती. यादीतल्या शेवटच्या काही ओळी तुम्ही पुढच्या वर्षावर टाकल्यात. पुढच्या वर्षी पुन्हा पुढच्या वर्षावर. शेवटी पेरलं तेव्हा मयारीचा एक कोंब वर आला नाही.

"वहीत लिहिलं, 'उगवण नाही'. का नाही, ते लिहिलं नाही. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही."

मी म्हटलं, "काका, मिळाला ना आता."

"मिळाला. पण माझ्यामुळे नाही. कुणीतरी शेवया करत राहिलं म्हणून."

हिराबाईने आपल्याला मुळ्याची एक जुडी दिली आणि आपण रिक्षेत बसून आलो. वाटेत तुम्ही सगळ्या रस्ताभर गुणगुणत होतात. मनावरचं ओझं उतरलेला माणूस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितला.

मार्चमध्ये कापणी झाली. एक डबाभर बी. आणि मग गिरणीतच सुनंदाने सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर. मी गिरणी बंद केली. तुम्ही वही उघडून पेन्सिल धरून बसलात, मुलाखतीला बसल्यासारखे.

"तुमच्याकडे ह्या गव्हाला काय म्हणतात?"

"कशाला, ह्याला? म्हायारी."

"मयारी?"

"मयारी न्हाई वो. म्हायारी! म्हायारचा गहू. आमच्या आत्याबाईंच्या सासूच्या ओटीत आल्ता. ती वाईकडली, डोंगराच्या बुडातली. लगीन करून हितं ज्वारीच्या मुलखात आली, तर आईनं ओटीत ह्योच गहू घातला. तिनं तो खाल्ला न्हाई. विहिरीखाली पेरला. तवाधरनं शेवयांपुरता करतोय की आम्ही."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे. माहेरचा! इतकी वर्षं शिकलेल्या माणसांनी ज्या नावावर डोकं फोडलं ते नाव कुठल्याही बाईने ऐकल्याऐकल्या सांगितलं असतं. सुनंदा हसायला लागली, मी हसले, तुम्ही तर पेन्सिल टाकून टाळ्याच वाजवल्यात. तिकडून सासूबाई ओरडतायत, "काय झालं? म्या काय चुकीचं बोल्ले व्हय?"

"नाही बाई," तुम्ही म्हणालात, "तुम्ही एकट्याच बरोबर बोललात."

मी काय सोडते होय? फोन ठेवल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "बघा. तुमच्या नकाशावरचा न ऐकणारा ठिपका. कोणी नेला तिथे? वाऱ्याने? पावसाने? एका नव्या नवरीने, ओटीत."

"आणि ओटीत घालायला तसला गहू आला कुठून? वाईच्या दवातून. रोगाशी झुंजून झुंजून. म्हणजे मीच बरोबर."

"पण नकाशा बदलला बाईने."

"गुण दिला जागेने."

त्या दिवशी तीन गिऱ्हाइकं दळण न घेताच उभी होती आणि आपलं भांडण ऐकत होती. त्रिपाठी म्हणाले, "दोनों सही हो, अब आटा दे दो." हे भांडण अजून मिटलेलं नाही हे लक्षात ठेवा. तुम्ही गेलात म्हणून मी हरले असं होत नाही, आणि तुम्हीही हरला नाहीत.

पुढची पायरी तुम्हाला जड गेली, ते मला दिसत होतं. बी केंद्रात पाठवायचं, म्हणजे तिथे दरवर्षी मुद्दाम तांबेरा पाडतात त्यात त्याची खरी परीक्षा होईल. पण पाठवायचं तर पत्र लिहायला हवं, आणि पत्रात ते सगळं लिहायला हवं. पावसाळाभर तुम्ही टाळाटाळ केलीत. मी टोचत राहिले. शेवटी गणपतीनंतर एक पाकीट आणलंत, बंद केलेलं. "टाक कुरिअरला. वाचू नकोस." मी वाचलं नाही. आठवड्याने तिथल्या मॅडमचा फोन आला. मला इकडची बाजूच ऐकू येत होती. तुम्ही "हो... हो... माझंच अक्षर... हो, सगळ्या वह्या माझ्याच" एवढंच बोललात आणि फोन ठेवून माझ्याकडे चहा मागितलात. दोन कप प्यायलात.

त्या हिवाळ्यात तुम्ही मला कामाला लावलंत. पोस्टकार्डांवर गव्हाची पानं काढायचात, त्यावर लाल पेनाने ठिपके. "किती टक्के?" मी म्हणायचे वीस. "नीट बघ. भीतीने जास्त सांगू नकोस." दहा. "आता दयेने कमी सांगतेयस." दुपारी गिऱ्हाईक नसताना आपलं हेच. खाडीच्या बाजूला फिरायला गेलात तरी कुणाच्या कुंडीतल्या जास्वंदीचं पान उलटून मला आकडा विचारायचात, आणि ती बाई खिडकीतून ओरडायची. मला वाटायचं, म्हातारपणीचा विरंगुळा चाललाय. मी तुमचं मन राखत होते. खरं सांगते.

शेवटच्या गुरुवारी आपण फेब्रुवारीत जायचं ठरवत होतो. "दव दाखवतो तुला तिथलं. दव बघितलंस की माझ्याशी वाद घालणार नाहीस."

"आणि मी तुम्हाला सुनंदाच्या सासूबाईंकडे नेणार. त्यांच्यापुढे तुमचं काही चालायचं नाही."

"ते तर मला मान्यच आहे. तिच्यापुढे मी आधीच हात टेकलेत."

शुक्रवारी दुपारी जेवून तुम्ही पडलात ते उठला नाहीत. वर्षा रडत रडत गिरणीत आली तेव्हा मी गिरणी चालू ठेवूनच तिच्याबरोबर धावले. दळणाला आलेल्या त्रिपाठींनी ती बंद केली.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. बारावी झाल्यावर लग्न झालं, भाईंदरला आले, आणि ह्या गाळ्यात उभी राहिले ती वीस वर्षं उभीच होते. मला वाटायचं, मी एका खोलीत आहे. तुम्ही आलात आणि मला कळलं की अर्धा देश माझ्या खोलीतून जातोय, आणि प्रत्येक डब्यात कुठल्यातरी गावची हवा आहे, कुणाच्या तरी आईचा हात आहे. हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "भाषण नको, दळण बघ." म्हणून आता सांगतेय.

गेल्या आठवड्यात मी आणि वर्षा केंद्रावर गेलो. वर्षाने बँकेत रजा टाकली. सकाळी सातला मॅडम आम्हाला शेतात घेऊन गेल्या. काका, दव बघितलं. साडी गुडघ्यापर्यंत भिजली, चपलांतून पाणी निघत होतं, आणि ऊन वर आलं तरी पानं ओलीच. तुमचं म्हणणं अर्ध्याहून जास्त मान्य करते. पूर्ण नाही.

मॅडम वयाने वर्षापेक्षा लहान. टोपी, बूट, हातात पाटी. आधी त्यांनी एक फाइल उघडून तुमचं पत्र आमच्यापुढे धरलं. वर्षा वाचू शकली नाही, मी वाचलं. "सदर वाणाचे बी माझ्या हयगयीने मेले. हे त्या वेळीच लिहावयास हवे होते, आज लिहीत आहे." मॅडम म्हणाल्या, "उगवण नाही असं बऱ्याच पाकिटांवर असतं. का नाही, हे लिहिणारे हे पहिलेच. आम्ही आता त्यासाठी वहीत वेगळा रकाना केलाय." वर्षाने माझा हात घट्ट धरला. तिच्या आईच्या आजारपणातली ती गोष्ट तिला कधी माहीतच नव्हती, ती मी तिला तिथेच सांगितली.

पत्राच्या खाली आणखी चार ओळी होत्या. "फेब्रुवारीत निरीक्षणास येईन. सोबत माझ्या सहकारी सौ. संगीता शिगवण येतील. माझी नजर आता अधू झाली आहे, हे घरी कुणाला ठाऊक नाही. आकडा त्यांचा धरावा."

काका! तुम्हाला दिसत नव्हतं? पोस्टकार्डावरचे ते ठिपके तुम्ही अंदाजाने काढत होतात? आणि मी समजत होते की मी तुमचं मन राखतेय!

"चला," मॅडमनी पेन्सिल माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "अहो, मी गिरणीवाली." त्या म्हणाल्या, "पत्रात तसं लिहिलेलं नाही."

शेजारची लोकवनची ओळ शेंड्यापर्यंत तांबडी झाली होती. हात लावला तर बोटं, बांगड्या, पदर, सगळं तांबूस. पोस्टकार्डावर नाही येत हो ते! जिवंत रोग आयुष्यात पहिल्यांदा बघितला आणि त्याचीही मला गंमत वाटली, काय सांगू. मग माहेरीची ओळ. काळी कुसळं दवाने वाकलेली. खालचं पान धरलं, उलटलं. होता तांबेरा. मोहरीहून बारीक फोड, तुरळक, जागच्या जागी बसलेले. त्याच्या वरच्या पानावर त्याहून कमी. ओंबी दाबून बघितली, दाणा भरत होता. भीतीने जास्त नाही, दयेने कमी नाही. दहा रोपं बघितली.

"पाच," मी म्हटलं.

मॅडमनी खिशातून आपली चिठ्ठी काढून दाखवली. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः बघून लिहिलं होतं. पाच.

वर्षा बांधावर उभी राहून रडत होती आणि हसत होती, आणि फोनवर सुनंदाला ओरडून सांगत होती, "पाच! अगं, पाच म्हणजे चांगलं!"

"पुढची ओळ?" मॅडम म्हणाल्या.

काका, तिथे एकूण चाळीस ओळी होत्या. वाईच्या, कऱ्हाडच्या, पार कर्नाटकातल्या, प्रत्येकीचं पान वेगळं, प्रत्येकीवरचा डाग वेगळा. मला वाटलं आता पुरे म्हणतील, पण त्या पुढेपुढे चालत राहिल्या आणि मी मागोमाग आकडे सांगत गेले. एकदा चुकले, त्यांनी सांगितलं. एकदा त्या चुकल्या, मी सांगितलं. ऊन उतरेपर्यंत सगळ्या चाळीस झाल्या. परत येऊन गिरणी उघडलीय, दळणं अजून साचलेलीच आहेत, आणि माझी कंबर अजून सरळ होत नाहीये.